संभाचा मोबाइल संभाकडंच राहिला

मी मूळची राजगुरुनगरच्या वरच्या अंगाची, बारावी झाले आन चाकणात दिली. आमचे हे ट्रकवर ड्रायव्हर. काय सांगू तुमाला ताई, त्या मानसाचं घरी येनं म्हनजे पाव्हन्यासारखं, आन पोरगी बोलायला लागली तवा ह्यांना बघून मामा आला, मामा आला म्हनून टाळ्या वाजवाय लागली. हे हसले, पन त्या दिवशी जेवले न्हाईत. पुढं आजारपनात हे गेले, तवा ह्यांच्याच शेठनी मला हापिसात घेतलं, म्हनले सुनंदा, ड्रायव्हर लोकं तुला वहिनी म्हनत्यात, तुझं ऐकत्यात, तू गाड्यांवर लक्ष ठेव. त्या उपकाराची जान मला हाय, आजबी हाय, पन तीच जान त्या दिवशी आडवी आली.

आमचं काम असं, की कोल्हापूरच्या कारखान्यातनं लोखंडाचे सुटे भाग भरायचे आन हितं चाकणच्या कंपनीत आनून टाकायचे, आन रिकामे क्रेट परत तिकडं न्यायचे. कंपनी माल साठवून ठेवत न्हाई, आला की तसाच जोडनीच्या लाइनीवर जातो, गाडीला उशीर झाला की लाइन बंद, आन लाइन बंद झाली तर शेठचं काम गेलंच समजा. म्हनून गाडी कुठं हाय, गाडी कुठं हाय, दिवसभर तेच.

आता खरी गोष्ट सांगते. हिकडनं भीमाभाऊ जायचा रिकामे क्रेट घेऊन, त्यो खेडचा, आन तिकडनं संभा यायचा माल घेऊन, त्यो कोल्हापूरकडचा. दोघं साताऱ्याजवळ एका ढाब्यावर भेटायचे, चहा प्यायचे आन गाड्या बदलायचे. संभा भीमाची गाडी घेऊन माघारी, भीमा संभाची घेऊन माघारी, म्हनजे दोघंबी आपापल्या घरी. शेठला हे चालत नव्हतं, ज्याच्या नावावर गाडी त्यानंच ती पोचवायची, गाडीला कुठं घासलं तर जबाबदार कोन म्हनून. पन मी होऊ देत व्हते, मीच सुरू केलं म्हना ना. का केलं ते तुमाला सुरवातीलाच सांगितलं, माझ्या पोरीनं बापाला मामा म्हनलेलं.

मंग शेठनी ते एआयचं चॅट आनलं, मानूस न्हाई, मशीनच उत्तर देतं. मोबाइलवर मेसेज टाकतो तसं त्याला मराठीत इचारायचं, फलानी गाडी कुठंय, की ते सांगतं अमक्या ठिकानी हाय, इतक्या वाजता पोचंल. मला लई आवडलं ते, खोटं न्हाई सांगत, डोक्याची कटकट गेली, आन कितीबी येळा इचारा, वैतागत न्हाई. गाडीत यंत्र बसवलं नव्हतं, ड्रायव्हरच्या मोबाइलवरनंच ते गाडी शोधायचं. मी म्हनले आता बदलाबदली उघडी पडनार, तर मी दोघांना सांगितलं, गाडीबरोबर मोबाइलबी बदला, घरचं काय असंल ते आधीच बोलून घ्या. दोन महिने बिनबोभाट चाललं. माझी मलाच हुशारी वाटत व्हती.

त्या दिवशी दुपारी शेठ माझ्याच टेबलाशी उभे. तीन वाजता माल कंपनीत पाहिजे. चॅटला इचारलं तर ते म्हनतं, संभाची गाडी साताऱ्यावरनं माघारी फिरली, कोल्हापूरच्या रस्त्याला लागली. मला लगेच कळलं काय झालं ते. संभाची बायको दिवस भरलेली, सकाळीच दवाखान्यात नेली व्हती, आन त्यानं मोबाइल भीमाला दिला नसनार, कसा देईल, घरनं फोन येनार ना. त्याला लावला तर बिझी. भीमाला लावला तर उचलंना, चालू गाडीत फोन उचलायचा न्हाई हा शेठचाच नियम.

शेठचा चेहरा उतरला. शेजारच्या ट्रान्सपोर्टची भरली गाडी मागं अशीच गायब झालती. चॅटनं खाली लिवलं व्हतं, की हे ठिकान ड्रायव्हरच्या मोबाइलचं हाय, गाडी दुसरीकडं असू शकते, आधी ड्रायव्हरशी बोलून खात्री करा. शेठनी वरचंच वाचलं. मी खालचंबी वाचलं, ताई, आन मुकी बसले. भीमाची गाडी कुठं हाय हे कुनी इचारलंच न्हाई, इचारलं असतं तर तीबी माघारी फिरलेली दिसली असती. मी इचारू शकत व्हते. पन त्याला इचारलेलं शेठलाबी दिसतं. नोकरी गेली तर पोरीचं शिक्षन कसं करू, हेच डोक्यात.

शेठनी कराडच्या अलीकडं टोलनाक्याजवळ एका ओळखीच्या क्रेनवाल्याला फोन लावला, आपल्या नावाची गाडी दिसली की अडव. अर्धा तास गेला. मंग त्याचा फोन आला, शेठनी स्पीकरवर टाकला. गाडी घावली, संभाच हाय, पन माल न्हाई, नुसते रिकामे क्रेट. शेठ म्हनले, इकला, माल इकला यानं, घ्या खाली त्याला, पोलिसांना बोलवा. आन मला थोबाडीत मारल्याचा आवाज आला ताई, दोनदा. त्यो कायबी बोलत नव्हता. माझं आन भीमाचं नाव येऊ ने म्हनून त्यो कायबी बोलत नव्हता.

तवा मी उठले. म्हनले शेठ, सोडा त्याला, माल भीमाभाऊकडं हाय, गाड्या बदलायला मी सांगितलंय, मोबाइल बदलायलाबी मीच सांगितलंय, काय करायचं ते माझं करा. शेठ फोनवर म्हनले, सोड रे त्याला. पावनेतीनला भीमा कंपनीच्या गेटात, माल उतरला, लाइन चालू राह्यली.

माझी नोकरी गेली न्हाई. दोन दिवस शेठ बोलले न्हाईत, तिसऱ्या दिवशी म्हनले, बदला गाड्या, पन त्या चॅटला सांगून बदला. आता मी रोज लिवते, ही गाडी आता ह्याच्याकडं, ती त्याच्याकडं, ते म्हनतं ठीक हाय, नोंद केली. पयल्यापासनं एवढंच करायचं व्हतं. सगळे ड्रायव्हर आता एकाआड एक दिवस घरी जेवत्यात, मला दुवा देत्यात.

संभा मातर परत आला न्हाई. त्यो टोलनाक्यावर उभा व्हता तवाच तिकडं पोरगी झाली त्याला. मी फोन केला, रडले, माफी मागितली. त्यो म्हनला, वहिनी, त्यांनी मारलं त्याचं काय न्हाई, त्यांना ठाव नव्हतं. तुमाला ठाव व्हतं ना, मंग अर्धा तास का लावला. आता त्यो तिकडंच कुनाची तरी गाडी चालवतो म्हनं, जवळपासचीच भाडी मारतो, रोज घरी असतो. असू दे. पोरगी त्याला बाबाच म्हनंल, औक्षवंत होऊ दे तिला.