मलावीची तूर, दुबलगुंडीचा हात

खुळखुळ, खुळखुळ, खुळखुळ. पौषात तुरीच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर वाजतात ना, तो हा आवाज. दुबलगुंडीच्या शाळेला जाताना वाटेच्या दोन्ही अंगांना तूर असायची, आम्हा पोरांच्या डोक्याच्याही वर. त्या तालावर मी कविता घोकत चालायचो. माझ्या बाकावरचा सोबती, श्रीमंत नाव त्याचं, एखादी शेंग फोडून दाणा दाताखाली धरायचा आणि म्हणायचा, "अजून आठ दीस." मी कविता पाठ केल्या, त्यानं तूर पाठ केली.

माफ करा. पद्धत अशी की आधी नावं घ्यावीत. आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या हातभार न्यासाचे प्रमुख आदरणीय शिवशंकरप्पा, प्रमुख पाहुण्या प्राचार्या विभाताई, सत्कारमूर्ती आणि माझी विद्यार्थिनी रेणुका, नौबादचे नागरिक, दुबलगुंडीहून आलेली मंडळी, आणि पहिल्या रांगेतून 'लांबवू नका' अशी खूण करायलेल्या आमच्या शारदाबाई, आपणा सर्वांना या म्हाताऱ्या मास्तराचा नमस्कार.

तो आवाज मी साठ वर्षांत विसरलो होतो. गेल्या श्रावणात रेणुकानं फोनवर तो ऐकवला. म्हणाली, "सर, ओळखा बरं कुठला आवाज?" मी म्हटलं, आपल्या गावचा. आणि मग माझाच गोंधळ झाला. श्रावणात आपली तूर गुडघ्याएवढी असते, वाळक्या शेंगा आल्या कुठून? ती हसली आणि म्हणाली, "सर, हे मलावी आहे."

मलावी कुठं आहे, हे इथं किती जणांना ठाऊक आहे? मलाही नव्हतं, आणि मी तीस वर्षं मराठीबरोबर भूगोल शिकवला. आफ्रिकेच्या पूर्वेकडचा हा छोटा देश. समुद्र नाही, पण एक सरोवर असं आहे की पलीकडचा काठ दिसू नये. विषुववृत्ताच्या खालच्या अंगाला, म्हणून ऋतू आपल्या उलटे: आपल्याकडे पेरणी संपते तेव्हा त्यांच्याकडे कापणी. माती लाल, दाराशी आंबा, जेवायला मक्याचा घट्ट लगदा, आणि दक्षिणेच्या डोंगरपायथ्याशी तूर. ते तिला नांदोलो म्हणतात. काय गोड शब्द आहे! एखाद्या अंगाईचं पालुपद वाटतो. शारदाबाई, येतो मुद्द्यावर.

तो देश तरुण आहे. निम्मी माणसं विशीच्या आतली. शाळा मध्येच सुटलेली, हाताला काम नसलेली पोरंपोरी गावोगाव. त्यांच्यासाठी तिथल्या एका युवक केंद्राला आपला न्यास चार वर्षं मदत करतोय. शिवणकाम झालं, सुतारकाम झालं. मग शिवशंकरप्पांच्या मनात आलं की जिथं तूर पिकते तिथं डाळ का होऊ नये? तिथले लोक तूर अख्खी शिजवून खातात, उरलेली व्यापारी पडत्या भावानं नेतात. डाळ केली तर पोरांना वर्षभर काम. आणि आपली रेणुका दहा वर्षं डाळमिलमध्ये सुपरवायझर. तिला पाठवलं.

आता जे सांगतो ते सत्काराच्या भाषणात सांगत नसतात. पण रेणुकाच म्हणाली, सर, सांगा. पहिल्या वर्षी तिला जमलं नाही. मिलमध्ये सगळं यंत्र करतं. तिथं वीज नाही, दगडी जातं आहे. बावीस पोरापोरींनी महिनाभर तूर भरडली. कुठं साल सुटेना, कुठं दाण्याचा चुरा. चार पोती तूर अशी जनावरांपुढं गेली. तेव्हा चिसोमो नावाच्या वीस वर्षांच्या मुलीनं तिला सरळ विचारलं, "ताई, तुमच्या गावच्या बाया यंत्राआधी कशी करायच्या?" रेणुकानं ते कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या वर्गातही ती कविता म्हणताना तिसऱ्या ओळीला अडायची, पण इतकी लाज तेव्हा वाटली नव्हती, असं ती म्हणते.

बावीस जणांनी ठरवलंय की यंदाही चुराच झाला तर गट मोडायचा आणि शहराकडे मजुरीला जायचं. रेणुका परवा, गुरुवारी, पुन्हा तिकडं निघते आहे.

आमच्या गावात हे काम जाणणारा एकच हात उरलाय, सोजराबाईंचा. श्रीमंतची बायको. तुरीला तेल किती चोळायचं, गोणपाटाखाली किती वेळ दडपायची, ऊन किती द्यायचं, पाण्याचा हात कधी फिरवायचा, हे त्या दाणा चावून ठरवतात. महिन्यापूर्वी रेणुका त्यांच्या दारी गेली. मी सोबत होतो. श्रीमंत ओसरीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाईरची तूर बोटीनं यायलीय आन हितं आमचा भाव पडायलाय. त्यायलाच शिकवायला जायलीस, आन शिकायचं आमच्याच घरात? कामून?"

रेणुका म्हणाली, "अण्णा, ती पोरं तूर तशीच विकायलेत म्हणून ती बोटीत चढायलीय. तिथंच डाळ झाली, तिथंच खपली, तर कमीच येईल की."

त्यानं आतून चहा मागवला. मग म्हणाला, "च्या पी आन जा."

सोजराबाई दाराआड उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या. परतताना रेणुकानं मला विचारलं, "सर, अण्णांचं चुकलं का?" मी मास्तर, उत्तर द्यायची सवय. पण ज्याचं वर्ष तुरीच्या भावावर उभं आहे, त्याला मी पेन्शनवर बसून उदार हो म्हणावं का? आणि तिकडं चिसोमोचं वर्षही त्याच तुरीवर उभं आहे. या दोघांना एकमेकांसमोर ना श्रीमंतनं उभं केलं, ना चिसोमोनं, एवढंच मला कळतं.

आजची पत्रिका मी श्रीमंतला स्वतः नेऊन दिली. तो म्हणाला, "न्हाई यायचो."

म्हणून रेणुका, तुला रित्या हातानं निरोप देताना मला जड जातंय. ही शाल आहे, हा हार आहे, पण तुला हवं होतं ते आम्ही देऊ शकलो नाही. तिथं अडलीस तर अडले म्हणून सांग. पोरांना ते कळतं. विभाताई वेळ काढून आल्या, शिवशंकरप्पांनी न्यास चालवला, आपण सर्वांनी या म्हाताऱ्याचं पाल्हाळ सोसलं, सर्वांचे उपकार मानतो, आणि बोलण्यात कमीजास्त...

थांबा. दाराशी कोण आहे? मागच्यांनी जरा वाट द्या.

सोजराबाई?

या, या. वर या. नाही? बरं, तिथूनच बोला. मागच्यांना ऐकू येत नसेल म्हणून मी सांगतो. त्या रेणुकाला म्हणायल्यात, "परवा जायचीस न्हवं? काल तूर तेल लावून झाकून ठिवलीय. आज दिसभर उनात हाय. तोंडानं सांगायचं काम न्हाई हे, बस माझ्याजवळ दोन दीस. चल."

एकट्या आलात का एवढ्या लांब? मंडळी, त्या म्हणतात, टेम्पोत श्रीमंत बसलाय. तूर त्यानंच मोजून काढून दिली. आत चला म्हटलं तर म्हणाला, न्हाई यायचो म्हणून सांगितलंय मास्तरला, आता कोणत्या तोंडानं येऊ?

रेणुका, ऊठ बाळा. हार राहू दे गळ्यात. शिवशंकरप्पा, पुढचे आभार तुम्ही माना. भाषण अर्धवट टाकून उतरतोय, हा दोष सर्वांनी पोटात घालावा. मी जरा बाहेर टेम्पोपाशी जाऊन येतो.