खालच्या दातांचा पक्का बंदोबस्त

...आणि वर सगळे मलाच म्हणतात, "बाबा, तुमचा निर्णयच होत नाही!" अहो, कसा होईल? तोंड माझं, मत सगळ्यांचं! तुम्हाला सांगतो, वरची कवळी बिचारी गुणाची, टाळूला चिकटून बसते. पण खालची? मी बोलायला लागलो की ही नाचायला लागते, जांभई दिली की थेट जिभेवर स्वार! खाण्याचं काही नाही हो, कुस्करून खातो. पण आमच्या हिची दृष्टी गेली दोन वर्षांपूर्वी, तेव्हापासून रोज सकाळी पेपर मी वाचून दाखवतो. तर एक दिवस मध्येच म्हणाली, "असू द्या हो, दमता तुम्ही." दमतो कसला! तिला एक शब्द कळत नव्हता... आणि मला वाईट वाटू नये म्हणून दोन महिने नुसती 'हं, हं' करत होती! रडूच आलं मला.

म्हणून मुलगा-सुनेला घेऊन गेलो दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. म्हणाल्या, "आजोबा, हाडात दोन खुंट्या बसवू, त्यांवर कवळी अडकेल. कशी अडकवायची तेवढं ठरवा." आणि मांडले की टेबलावर चार प्लास्टरचे जबडे! एकात खुंट्यांवर गोळ्या, कवळी टचकन बसते, पण आतली रबरी रिंग झिजते. दुसऱ्यात बुटकी बटणं, त्यांच्यावरची नायलॉनची टोपीही झिजतेच. तिसऱ्यात दोन खुंट्यांना जोडणारी दांडी, सगळ्यांत घट्ट, पण तिच्याखालचं अडकलेलं बारीक ब्रशने कोरत बसा. चौथ्यात चुंबक! अलगद बसतो, अलगद निघतो... आणि बोलताना अलगद सरकतोसुद्धा!

मुलगा म्हणतो, "दांडीच घ्या, एकदाच काय ते पक्कं." सून म्हणते, "चुंबक घ्या बाबा, हात थरथरतात तुमचे." मेहुणा, ज्याचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत, तो फोनवरून, "भावजी, गोळीसारखी गोष्ट नाही!" तोंड माझं, मत सगळ्यांचं! बरं, दांडीवरची कवळी ओढून पाहिली, तर निघेचना! शेवटी नर्सने जबडा धरला, सुनेने कवळी, आणि दोघींची रस्सीखेच... मी आपला घाम पुसतोय, रोज हे माझ्या तोंडात?

बाईंनी विचारलं, "आजोबा, काय काय खायचंय तुम्हाला?" म्हटलं, "बाई, मला वाचायचंय." बाईंनी दांडीचा जबडा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "बटणं घ्या. सगळ्यांत मऊ टोपी घालते, तुमच्या बोटांनी निघेल. फक्त दाबून बसवायची, चावून नाही!" हाड धरायला तीन महिने थांबलो, कवळी मिळाली, आणि पहिल्याच आठवड्यात बोटं ऐकेनात म्हणून कचकन चावून बसवली! टोपी खलास! पुन्हा बाई, पुन्हा बोलणी, पुन्हा नवी टोपी.

काल एकदाचा हिच्याजवळ पेपर घेऊन बसलो. काय वाणी म्हणता! अक्षर न् अक्षर खणखणीत! पूर, अपघात, टाळं लागलेला कारखाना... आपल्याच आवाजावर खूश होऊन सुटलो तो सुटलोच, निधनवार्तांत शिरलो, आणि हिच्या शाळेतल्या मैत्रिणीचं नावही तसंच ठणठणीत वाचून गेलो. वाचल्यावर कळलं, काय वाचलं ते.

हिने चाचपडत माझा हात धरला. "सगळं कळलं हो. स्वच्छ कळलं... उद्यापासून वाचायच्या आधी खालची कवळी काढून ठेवत जा."

काढली आज. काय करणार? ऐकायचं तर तिला असतं.