घरची मतं

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, पंचशीला व्हय! नंबर अनोळखी दिसला, मी म्हटलं लोनवाली पोरगी असंल… जयभीम, जयभीम… तुझा फोन कुठाय मग?… बरं, बरं.

थांब हं, स्पीकरवर टाकते. हात पिठात आहेत… मेसच्या पोळ्या, दुसरं काय. शेंद्र्याची पोरं कंपनीतून सुटली की थेट दारात येतात. भुकेली असतात बिचारी… हां, बोल आता.

…सगळे बरे आहेत. सम्यकचे पप्पा ड्युटीवर. सम्यक ग्राउंडवर गेलाय पळायला… हो गं, पोलीस भरतीत निवड झाली तरी पळतोय. सवय मोडायची नाय म्हणतो.

…गाडी? कशाची गाडी?

…मतदानाला? आम्हाला न्यायला, इथं मुकुंदवाडीत?… नाय गं, नको पाठवू… अगं ऐक ना… ऐक तर… आमची मतं गावातच आहेत, माहितीय मला. दर बारीला येतोच ना आम्ही? ह्या बारीला नाय यायचं.

…राग कसला? कोणावर? द्यायचं कोणाला, ते तरी सांग. नगराध्यक्षाला पार्टीवाले उभे दोन, दोघांतला एक तरी माणसात धरायसारखा आहे का?

…अण्णा! अगं, मागच्या इलेक्शनला कडूबा अण्णा ह्या पार्टीत होता आन् सांडूशेठ त्या पार्टीत. आता अण्णा त्या पार्टीत गेलाय आन् शेठ ह्या पार्टीत आलाय. दोघांनी अंगरखे बदलले. आपल्या अंगावर मात्र जुनंच फाटकं.

…व्हय व्हय, दगडापेक्षा वीट मऊ. सासूबाईबी हेच म्हणतात. वीट मऊ, वीट मऊ करत दर बारीला तीच डोक्यात घालून घ्यायची आपण.

…काय केलं अण्णानं? रस्ता?… अगं, इलेक्शन लागलं की रस्त्यावर खडी येऊन पडती. निकाल लागला की तीच खडी उचलून त्याच्या प्लॉटिंगवर जाती. तुझ्या नळाला शेवटचं पाणी कधी आलं होतं?… बघ, तुलाच आठवंना… आन् शेठ नगराध्यक्ष होता तवा? स्टँडवर बायकांसाठी संडास बांधला. फीत कापली, फोटो काढला, कुलूप लावलं. किल्ली कोणापाशी हे आजतागायत कळालं नाय. बायका अजून मागच्या भिंतीआड जातात.

…मला वाटलं होतं, जुनेदभाईला द्यावं. मेडिकलवाले गं. अपक्ष उभे होते ना?… काय म्हणती?… अर्ज मागं घेतला? कधी?… दोघंबी गेले त्याच्या घरी? अण्णा आन् शेठ, एका गाडीत? …बघ! गावात पाण्यासाठी कधी एका गाडीत बसले नाहीत. चांगला माणूस बसवायचा म्हटल्यावर जमलं बरोबर.

…मत वाया? कोण म्हणतं वाया? आले असते तर मेंबराची दोन बटणं दाबली असती आन् नगराध्यक्षाला सगळ्यात खालचं. नोटा. …हसू नको. वाया काय जातं ते मला नको शिकवू तू. माझ्या पोराचं काय वाया चाललंय ते इथं रोज बघते मी.

…नाय, मी नाय काढला विषय. तू फोन केला, तू काढला.

…हो. आली पडताळणी. मैदान मारलं, लेखी मारली, गल्लीनं फटाके फोडले. आन् चारित्र्य पडताळणीत काय निघालं? मारामारीची केस. फिर्यादी कोण? सख्खा चुलता, तुझा नवरा. ठाण्यातला साहेब मला म्हणाला, बाई, घरचंच भांडण दिसतंय तुमचं. काय सांगू त्याला? आमचं नव्हतं हो साहेब, दुसऱ्यांचं भांडण घरात आणलं आम्ही.

…अगं माहितीय, भावजीला लागलं होतं. टाके पडले. दवाखान्यात डबा कोण आणत होतं? मीच ना? …पण दगड कोणी मारला ते आजबी कोणाला ठाऊक नाय. इकडून शेठची रॅली, तिकडून अण्णाची, चौकात तोंडासमोर आल्या. सम्यकच्या हातात शेठचा झेंडा होता, दगड नव्हता. कोवळं पोरगं, फुकटच्या टी-शर्टला भुलून गेलं होतं. …आन् अण्णानं काय केलं? भावजीचं रक्त गळतंय, तरी आधी ठाण्यात नेलं, मग दवाखान्यात. नावं सांगितली अण्णाच्या माणसानं. भावजीनं खाली सही केली. सही करताना पुतण्याचं नाव दिसलं नाय का गं?

…चक्कर येत होती. बरं. …नाय, भांडत नाय मी.

पण गंमत बघ ना. तो झेंडा आता कुठाय? अण्णाच्या गाडीवर! शेठनं सोडला, अण्णानं उचलला. ज्या झेंड्यापायी पोरावर केस झाली, तो लावलेल्या गाडीत बसून मी मत द्यायला येऊ? मधी इतकी वर्षं इलेक्शनच लागलं नाय, केस मात्र थांबली नाय. हे दोघं इकडचे तिकडं झाले, आम्ही तारखा करतोय.

…शेठकडं? गेलो नाय असं वाटतं का तुला? बापलेक दोघं गेले होते. शेठ म्हणाला, ती केस जुन्या पार्टीत असतानाची, जुन्या पार्टीला विचारा. जुन्या पार्टीत आता कोण? अण्णा! म्हणजे ज्यानं गुंतवलं त्यालाच जाऊन विचारा. …हस, हस. मला तर आता रडूबी येत नाय.

…काय? कोण जेवंना?… सासूबाई? का गं, ताप आलाय का?… मग?

…अण्णा घरी आला… हं… मत देईन म्हणून फोटोवर हात ठेवायला लावला? बाबासाहेबांच्या?… आन् दुसऱ्या दिवशी शेठ आला तर त्यालाबी?… अगं, मग म्हातारीनं नाय म्हणायचं ना!… हो… घरी आलेल्याला नाय कसं म्हणावं… हो गं, तिचा स्वभावच तो. आन् आता दोघांना शपथ देऊन बसली, नगराध्यक्ष तर एकच व्हतो. घास कसा उतरंल तिला?

बाई बाई बाई… मतदानाला पांढरं लुगडं नेसून जाती गं ती. पहाटे आंघोळ करून. बाबासाहेबांनी दिलेलं मत आहे, अशा तशा कपड्यात जायचं नाय म्हणती. त्या बाईला ह्यांनी फोटोपुढं उभं केलं. बाकी कशाचा नाय, पण ह्याचा मला लई संताप येतो, पंचशीला. …तिला सांग, सरिता म्हणती जेवा. ज्यांनी फोटो पुढं केला, पाप त्यांच्या माथी. तुमचं काय चुकलं नाय म्हणावं.

…आता काय आणखी?… परत बोल… अण्णा सांगंल भावजीला? काय सांगंल?… कोर्टात जाऊन मिटलं म्हणायला?

…थांब. थांब जरा. गॅस बंद करते.

…हं, बोल. …म्हणजे घरची मतं द्यायची आन् केस मिटवून घ्यायची. …अगं, पण भावजीला तोंड नाय का स्वतःचं? आमचा वकील म्हणतो, फिर्यादीनं कोर्टापुढं सांगितलं की आमचं आपसात मिटलं, तर मिटतंय. त्याला अण्णाची परवानगी कशाला पाहिजे?

…हो. भावजी अण्णाच्याच प्लॉटिंगवर वॉचमन आहेत, माहितीय. …हो. खोलीबी त्याचीच. …हो गं… हो… तुझंबी बरोबर आहे. तुझीबी लेकरं आहेत. ह्या वयात कोण नोकरी देणार भावजीला… मी तुला बोल लावत नाय बाई. रडू नको. अगं, रडू नको ना.

पण माणूस कसलाय ते बघ तू. चुलत्या-पुतण्याला लढवलं त्यानं, आन् आता मिटवायचं मोल मागतो. लाज ना शरम. असल्या माणसाला मी तर दारातल्या पायरीवरबी… कोण खोकलं?… पंचशीला, कोण आहे तिथं?… हा नंबर कोणाचाय?… तूबी स्पीकरवर टाकलाय व्हय?

अगं, बोल की.

…

…हॅलो. …हो. …नमस्कार अण्णा. …नाय नाय, तसं नाय. बाईमाणूस, कामात होते, जातं तोंडातून. राग मानू नका. …ऐकलं तुम्ही सगळं. हो. …नाय, बोलले ते बोलले, नाय कशी म्हणू.

…माझं, ह्यांचं आन् सम्यकचं. सासूबाईचं तर तुमच्याकडंच आहे. …देऊ. …देऊ म्हटलं ना, अण्णा. …तुमचंच बटण. …नाय दाबणार नोटा. ते आपलं बोलण्यावर बोलणं. …पाठवा गाडी. बसू आम्ही.

…शपथ? कशाला, शब्द दिला ना… फोटो आहे. भिंतीवर, समोरच आहे… नाय अण्णा. फोटोवर नाय. ज्यांनी मत दिलं त्यांच्याच पुढं उभं राहून ते विकू का? तेवढं नका सांगू मला. …विश्वास नाय? …मग लेकराची घेते. …हो. माझ्या सम्यकची शपथ, मत तुम्हालाच देईन. …ऐकलं ना? झालं?

…आन् भावजी कोर्टात कधी येतील? …निकालानंतर बघू? अण्णा, पडताळणी कोणाच्या निकालासाठी थांबत नाय. मुदत असती तिला… बरं… बरं. तुम्ही म्हणाल तसं. पण विसरू नका.

…अजून काय राहिलं?

…सम्यक? तो कशाला?… कोणत्या सभेला?… शेवटच्या… हं… चुलता-पुतण्या एका गाडीवर… हातात झेंडा…

नाय अण्णा.

…नाय. …नाय म्हणते मी. आमची मतं घ्या, सगळी घ्या. पोरगं नाय मिळायचं. …मान कसला? एकदा झेंडा धरला होता त्यानं, त्याचं काय झालं ते रोज बघतोय. एवढं पळून, एवढं शिकून वर्दीच्या दारात उभाय, दार उघडंना. …तिकडं पडताळणी चालू, आन् इकडं तुमच्या गाडीवर उभा राहिलेला फोटो छापून आला तर?… काय होत नाय म्हणता. तुम्हाला काय होत नाय, अण्णा. तुम्ही पार्टी बदलता. त्यानं काय बदलायचं? चुलता?

…आवाज नाय चढवत. …पाया पडते, पण पोरगं नाय.

…म्हणजे केस राहू द्यायची. …हेच शेवटचं तुमचं?… आत्ताच शपथ घेतली ना मी? माझ्या लेकराची घेतली. ती काय गंमत म्हणून?

…भावजीला द्या फोन. …आहेत. मघाशी तेच खोकले. एका घरात राहिलोय, खोकला ओळखते मी. द्या त्यांना.

…

भावजी?… मी सरिता. …ऐकू येतंय ना?

…बरं, नका बोलू. मी बोलते. दौलताबादला गेलतो आपण सगळे, आठवतंय? किल्ल्यातल्या त्या अंधाऱ्या बोळात सम्यक घाबरून रडायला लागला. बापाकडं गेला नाय तो, तुमच्याकडं आला. खांद्यावर बसवून वरपर्यंत नेलं तुम्ही. खाली आल्यावर म्हणतो कसा, काका असल्यावर अंधार नसतो. …अजून तो तुम्हाला वाईट म्हणत नाय, भावजी. मी म्हणते, तो नाय म्हणत.

अण्णा शेजारी उभेत, कळतंय मला. नोकरी आहे, खोली आहे, सगळं कळतंय. मोठं काय बोलू नका. तारखेला या आन् मिटलं म्हणा, एवढंच मागते. आत्ता तोंडानं काय सांगू नका… नुसतं हं म्हणा.

…

भावजी?

…

थांबते मी. घाई नाय.

…

नुसतं हं.

…

श्वास ऐकू येतोय तुमचा, भावजी.

…

हॅलो?… हॅलो?… हॅलो…

…

आला का रे? बूट बाहेर काढ, घरभर माती नको… काय नाय, कांदा कापत होते… काकाचा फोन होता. …हो, बोलले ना. चांगलं बोलले. तुझी चौकशी केली. …येतो म्हणायलाच लागले होते, तेवढ्यात रेंज गेली त्यांची.