अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल

(गडमुडशिंगी. आकारामच्या केबलचं ऑफिस. त्याच्याकडे इंटर्न असलेली संघप्रिया कोल्हापुरातल्या अधिवेशनावरून नुकतीच परतली आहे.)

आकाराम : जेवणाचं ऱ्हाऊ दे. कागद दिलास का?

संघप्रिया : काका, तीन प्रकारचं पनीर होतं. शिवाय ही पिशवी. आत पेन, टोपी आणि बाटली.

आकाराम : केबलवाल्यांच्या अधिवेशनाला तुला बाटलीसाठनं धाडलं न्हवतं, पोरी. ईस वर्सांचं नेटवर्क त्या बड्या कंपनीच्या हवाली कराय सही करून कागद दिलता. पोचला न्हवं?

संघप्रिया : सांगते की. आधी कंपनीच्या मोठ्या साहेबांचं भाषण झालं. 'गावातला केबलवाला आता फक्त संग्रहालयात दिसेल.' समोर चारशे केबलवाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आकाराम : सोताच्या मयताला टाळ्या?

संघप्रिया : जेवण भाषणानंतर होतं.

आकाराम : मग बराबर हाय.

संघप्रिया : तेवढ्यात मागचा पडदा गेला. साहेब म्हणतायत, 'हा बघा आमचा वेग', आणि मागं नुसतं निळं.

आकाराम : कनेक्टर तुटला असंल.

संघप्रिया : तोच. पण कंपनीच्या पोरांनी फोन लावला. त्यांच्याच कॉल सेंटरला. हे दाबा, ते दाबा, गाणं ऐका. शेवटी बाई म्हणाली, 'आपली तक्रार नोंदवली आहे. अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल.'

आकाराम : सायबास्नी बी?

संघप्रिया : साहेबांना जरा गोड आवाजात.

आकाराम : आगं, पण चारशे केबलवाले हुते की! एकाच्या बी खिशात कनेक्टर न्हाय?

संघप्रिया : सगळे कोट घालून आलेले, काका. कोटात व्हिजिटिंग कार्डं होती.

आकाराम : आन् तू?

संघप्रिया : पहिल्या दिवशी तुम्ही काय बजावलं होतं? 'पावडर इसरलीस तर चालंल, कनेक्टर इसरायचा न्हाय.' पर्समध्ये दोन होते. खुर्चीवर चढले, नेलकटरनं वायर सोलली, बसवला. चार मिनिटं.

आकाराम : नेलकटरनं! ...त्ये कौतिक मागनं. कागद?

संघप्रिया : परत आणला.

आकाराम : कुणाला इचारून? माझं गुडघं गेल्यात. खांबावर चढणार कोण?

संघप्रिया : उद्यापण अधिवेशन आहे. म्हणाल तर सकाळी देऊन येते. पण आपल्या गिऱ्हाईक बायडाबाईंचा टीव्ही अठ्ठेचाळीस तास बंद पडला, तर त्या कुणाच्या दारात येतील? कंपनीच्या?

आकाराम : माझ्याच. शिव्यांसकट.

संघप्रिया : मग? खांबावर मी चढते की.

आकाराम : तुझी इंटर्नशिप शनवारी संपती.

संघप्रिया : माहीत आहे. शनिवारच्या पुढचं तुम्ही बोला.

आकाराम : थांब, फोन वाजतोय... हां, बोला बायडाबाई. शंभर वर्सं आयुष्य हाय तुमास्नी, आत्ताच नाव काढलंतं... व्हय. चित्र हाय, आवाज न्हाय. बरं... न्हाय वो, कुठली कंपनी! आमची इंजिनेर येतीया. आत्ता... व्हय, शनवारनंतर बी तीच यील. ठेवा. ...बघतीस काय? तक्रार लिहून घे.

संघप्रिया : वही कुठाय?

आकाराम : त्यो कागद हाय न्हवं तुझ्याकडं. मागनं कोरा हाय.