ढुंढिराज हिअर्स, बट…

…नाही, मला सांगा, साठीनंतर बाईमाणसाला अचानक इंग्रजी कशाला लागतं? मी संशयी नाही हो, पण काहीतरी शिजतंय! आमची ही, सरोजिनी, दुपार झाली की शेजारच्या तेजलकडे, स्पोकन इंग्लिश! आणि संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मोठ्यानं घोकणं… “अलोन म्हणजे एकटं असणं, लोनली म्हणजे एकटं वाटणं.” का? कुणाला वाटतंय एकटं? मी आहे की घरात धडधडीत!

परवा तर कहरच! “हिअर म्हणजे कानावर पडणं, लिसन म्हणजे मन लावून ऐकणं,” आणि वर वाक्यात उपयोग… “ढुंढिराज हिअर्स, बट ही डझन्ट लिसन!” अहो, ढुंढिराज म्हणजे मी! लग्नात उखाण्यात नाव घेतलं होतं, त्यानंतर थेट आत्ता, तेही इंग्रजीत, तेही तक्रारीत! मी संशयी नाही हो, पण तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, रामकुंडावर पिंडदान सांगणारा माणूस मी. कावळा शिवेना की यजमानाच्या तोंडाकडे नुसतं बघून ओळखतो, “वडिलांचा जीव धाकट्यात अडकलाय, त्याला सांभाळीन म्हणा!” की कावळा हजर! अशा माणसाला घरातलं कळू नये? गाठलं तेजलला. “काय गं, काकू कुणाशी बोलणार आहेत इंग्रजी?”

“असं काय करता काका? लेकीच्या बाळंतपणाला डब्लिनला चालल्यात ना, सईताईकडे! तुम्हाला विचारूनच तर तिकीट काढलं!”

मला? विचारून? तडक घरी येऊन जाब विचारला, तर ही शांतपणे कणीक मळतेय! “पासपोर्ट काढते म्हटलं, तुम्ही पेपराआडून ‘हूं’. तिकीट काढते म्हटलं, ‘हूं’. तुम्हीही चला म्हटलं, तर ‘अंहं’! आता तुम्ही ऐकाल म्हणून काय कावळा शिवेपर्यंत थांबू?”



गेली हो काल. जाताना गॅस, दूध, माझ्या गोळ्या, सगळं एकेक करून सांगितलं, आणि मी पेपर बाजूला ठेवून, तिच्या तोंडाकडे बघत, अगदी लिसन केलं! मी संशयी नाही हो, पण तिला काही ते खरं वाटलं नसावं… कारण तेच सगळं तेजललाही सांगून गेली.

सकाळपासून कान टवकारून बसलोय, तर घरात कुकरसुद्धा वाजत नाही. हे अलोन की लोनली, तेवढं तिला विचारायचं राहिलं बघा.