व्यासपीठाखाली ऐकलेले बोलणे

जबाब देणार: पट्टी या नावाने ओळखला जाणारा. वय बावीस. शिक्षण सातवी पास, आठवीत शाळा सोडली. धंदा: विद्यापीठाच्या संगणक विभागात सभागृहाचा कामगार, कंत्राटी. राहणार: सभागृहामागची खुर्च्या ठेवायची खोली.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन, विचारले ते आणि मला माहीत आहे ते सांगतो, ते असे.

माझे गाव लांब आहे. घरी आई आणि थोरला भाऊ असतात. याआधी मी गॅरेज, बेकरी, लिफ्टची कंपनी अशी कामे धरली आणि सोडली. माझ्या पायाला भिंगरी आहे असे आई म्हणते. इथे मात्र टिकलो. माईक, पडदा, वायरी हे माझे काम. वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून मी ती जमिनीला चिकटवतो. चिकटपट्टी कायम मनगटात असते, त्यावरून हे नाव पडले.

सदर विभागात पीएचडीची मुले दरवर्षी आपले आपण एक चर्चासत्र भरवतात. विषय कॉम्प्युटर नेटवर्कची सुरक्षा, म्हणजे एकाच्या मशीनमधले दुसऱ्याने चोरू नये यावर कुणी काय शोधले ते सांगायचे. यंदा सगळा भार एका मुलीवर होता. तिला मी ताई म्हणतो. बोलावणी, पाहुण्यांची गाडी, कोण कुणानंतर बोलणार, सगळे तीच बघत होती. बाकीचे नुसते "अगं होईल गं" म्हणत फिरत होते.

तिथे एक पद्धत आहे. सुरुवातीला हॉलच्या वायफायच्याच नावाने दुसरे खोटे वायफाय चालू करतात. लोकांचे फोन फसून आपोआप त्याला जोडले जातात आणि कोणता फोन कुठली वेबसाइट मागतोय ते पडद्यावर उमटते. लोकांनी सावध व्हावे म्हणून हे करतात. पण त्याआधी माईकवरून सांगायचे, की नको असेल त्याने वायफाय बंद करा. हे सांगितल्याशिवाय यंत्र चालू करायचे नाही असा विभागाचा नियम आहे. तो मला ताईनेच सांगितला होता.

आदल्या दिवशी मुलांच्याच फोनवर चाचणी झाली. फोनचे नंबर ताईने झाकले होते. मालकाने फोनला दिलेले नाव दिसत होते. या मुलांच्या फोनांची नावे तुटकी चप्पल, झोपलेला उंट, सरकारी पंखा अशी. खरे नाव कुठे द्यायचेच नाही, ही त्यांची सवय. सगळे हसले, मीही हसलो. ताई म्हणाली, "राहू देत नावं, गंमत येते." बाहेरची माणसे फोनला स्वतःचे नाव देतात हे कुणाच्या डोक्यात आले नाही. माझ्याही नाही, आणि माझ्या फोनला माझेच नाव आहे.

चर्चासत्राच्या दिवशी मी व्यासपीठाखाली आडवा होऊन वायर चिकटवत होतो. व्यासपीठ फळ्यांचे आहे, खाली सगळे ऐकू येते. वर ताई आणि विभागाचे प्रमुख सर बोलत होते. दोघांचे आवाज मी ओळखतो. बोलणे झाले ते असे:

"सर, तेवढी सूचना द्या, मग मी सुरू करते."

"सूचना दिली की सगळे वायफाय बंद करतात. गेल्या वर्षी काय झालं? पडद्यावर दोन फोन. पाहुण्यांना काय भिंत दाखवायची?"

"पण सर, नियम आहे ना."

"नियम मीच केलाय गं बाई. तू चालू कर. काही झालं तर मी बसलोय इथे."

ताई म्हणाली, "बरं."

यंत्र चालू झाले तेव्हा मी बाहेर येऊन भिंतीशी उभा होतो. प्रमुख पाहुणे एका बँकेत कॉम्प्युटर सुरक्षेचे अधिकारी आहेत. पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी त्यांच्या ऑफिसची दोन माणसे. पडद्यावर त्यांचे पूर्ण नाव आले आणि नावापुढे दारू सोडवणाऱ्या एका केंद्राची वेबसाइट. मागून कुणीतरी ओरडले, "साहेब, आम्हालाही पत्ता द्या की!" हॉल हसला. ताईने धावत येऊन पडद्याची वायर उपटली. पाहुण्यांनी मागे वळून पाहिले नाही. पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला आणि गेले. त्यांची दोन माणसे आपापल्या बुटांकडे बघत बसली.

पाहुण्यांनी तक्रार दिली. सरांनी सांगितले की मुलीने हे परस्पर केले. तेव्हापासून ताईची चौकशी चालू आहे. गुन्हा नोंदला तर तिची पीएचडी गेली, असे मुले म्हणतात. तिचे वडील बाहेर बाकावर बसून आहेत.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या खोलीवर आले. याआधी कधी आले नव्हते. म्हणाले, "पट्टी, तू तेव्हा चहा सांगायला गेला होतास ना?" मी म्हटले, "नाही सर, मी खाली होतो." ते म्हणाले, "नीट आठव. तुझं कंत्राट माझ्या सहीने वाढतं. मी कधी अडवलं का?" मी नाही म्हटले. "मग झालं तर," म्हणाले आणि गेले.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "मोठ्या लोकांच्या भानगडीत तू कशाला नाक खुपसतोस? एकदा तरी एका जागी टिक रे. आई सगळ्यांना सांगत सुटलीये, धाकट्याचं बस्तान बसलं म्हणून."

आज ठाण्यात येताना व्हरांड्यात ताई दिसली. तिने विचारले, "हॉलमधल्या वायरी गुंडाळल्यास का?" मी हो म्हटले. गुंडाळल्या नव्हत्या.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात व्यासपीठावरच्या बोलण्यापाशी "सर चेष्टेत म्हणाले" असे लिहिले गेले होते. ते मी खोडायला सांगितले. हवालदार म्हणाले, "राहू दे की लेका, तेवढ्यावर तुझी नोकरी वाचेल." मी सरांचा चेहरा पाहिला नाही, मी खाली होतो. पण ते चेष्टेत बोलले नाहीत. तो शब्द खोडला असून तिथे माझी सही घेतली आहे. बाकी सगळे मी सांगितले तसेच उतरले आहे, आणि ते खरे आहे.