काकूंचा पिवळा सांबार

आता तुमीच सांगा, याले काय म्हणावं? रविवारी आमी काही जण अकोल्यात लोकायच्या घरच्या बागा फुकटात पाहून देतो. त्यात पुण्याचा निनाद नवा आला. झाडायचा मोठा जाणकार. त्याले कॉलनीतल्या काकूंचा फोन आला, "माहा सांबार पिवळा पडून राह्यला, कावून?"

आमी कोथिंबिरीले सांबार म्हणतो, हे त्याले कुठं ठाऊक! त्याले वाटलं, इडलीसोबतचं सांबार. म्हणे, "काकू, हळद कमी टाका."

काकू गारच! "अरे बाप्पा! मुंग्या झाल्या म्हून म्या मूठभर हळद टाकली, हे तुले फोनवर कसं समजलं?"

आता सारी कॉलनी त्यालेच फोन करते. अन् परवा तो मले हळूच विचारतो, "सांबारात मुंग्या झाल्या, की तुमच्याकडे हळद घालून खातात का रे?"